आमेन अडून राहिलं

शर्ट आधी आले, नाव अजून ठरायचं होतं.

सेफोने ऑकलंडहून येताना दोन खोकी भरून निळे शर्ट आणले होते. पेपेने ते सकाळीच दोरीवर टाकून वाऱ्याला लावले. प्रत्येक शर्टाच्या पाठीवर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत छापलेलं, ‘लेमाउंगा फिलेमोनी यांचं घर, स्वातंत्र्याची पन्नास वर्षं’. आणि फिलेमोनी तर अजून लेमाउंगा झालाच नव्हता. लेमाउंगा हे घराण्याचं मानाचं नाव, घराचं मताईपद, म्हणजे कुटुंबप्रमुखाचा मान. फिलेमोनीचे म्हातारे वडील गेले तेव्हापासून ते रिकामं होतं, आणि कुणाला द्यायचं ते आज सगळ्या घराने बसून ठरवायचं होतं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय. पण तो नवरा पेपेचा स्वतःचाच होता, म्हणून ती हसली ती दोरीकडे तोंड करून.

घाई मात्र खरी होती. परवा सामोआ देशाच्या स्वातंत्र्याचा सुवर्णमहोत्सव. वाइतोआ गावात त्या दिवशी झेंड्यापुढून घरं चालणार होती ती आपापल्या मताईच्या मागून, आणि ज्या घराला मताई नाही त्या घराने शाळेच्या पोरांमागून चालायचं असं ठरलं होतं. फिलेमोनीचं सगळं आयुष्य शाळा तपासण्यात गेलेलं. पोरांच्या रांगेच्या शेपटाला आपण, ही कल्पनाच त्याला सोसेना. म्हणून त्याने गावातल्या मताईंना आणि पाळकसाहेबांना परस्पर सांगून टाकलं होतं, संध्याकाळची प्रार्थना झाली की आमच्याकडे या, नाव ऐका आणि जेवूनच जा. मागच्या अंगणात भट्टीचे दगड तापले होते. तीन डुकरं, टारोचे कंद, नारळाच्या दुधातली पानं, सगळं केळीच्या पानांखाली दुपारीच झाकलं गेलं होतं.

एकच गोष्ट राहिली होती. बहिणीला विचारायची.

या लोकांत भावांनी कितीही घोळ घातला तरी नावाचा शेवटचा शब्द बहिणीचा असतो. बहीण ही भावाचा करार मानली जाते, त्याने जन्मभर जपायचा पवित्र करार. तिला डावललं तर घर फळत नाही, असं जुनी माणसं सांगत. पुढे मिशनरी आले, देवाचं वचन आलं, गावोगावी पाळक आले, आणि लोकांनी प्रेमाने तोच मान पाळकांनाही दिला. त्यांनाही करारच म्हणू लागले. बऱ्याच घरांनी दोघांचीही नीट सोय लावली. लेमाउंगांच्या घरात मात्र गेल्या काही वर्षांत बहीण जराजरा करून मागे सरकली होती, आणि सरकवणारा फिलेमोनी होता. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. देवाच्या सेवकासाठी काय करू आणि काय नको असं त्याला होऊन जायचं, आणि अशा वेळी त्याला आजूबाजूचं दिसत नसे.

म्हाताऱ्यांच्या अंत्यविधीला तेच झालं होतं. एसेताताईंनी, म्हणजे फिलेमोनीच्या मोठ्या बहिणीने, डोळे अधू होईपर्यंत विणलेली रेशमासारखी चटई घरात होती. वडील गेल्यावर ती सगळ्यांसमोर पसरून आधी ताईंच्या मांडीवर ठेवायची, त्यांचा मान करायचा, मग ताई सांगतील तिकडे ती जाणार, अशी रीत. फिलेमोनीने ती उचलली आणि सरळ पाळकसाहेबांपुढे नेऊन ठेवली. पाळकसाहेब बिचारे इतके अवघडले की त्यांना आभाराचे शब्द सुचेनात. त्या दिवसापासून ताईंनी या घरात अन्नाचा घास घेतला नव्हता.

आज दुपारी त्या बसने आल्या, लेक लांगीबरोबर. चारी बाजूंनी मोकळ्या अशा त्या मोठ्या घरात शिरताच त्यांनी पाहिलं, बहिणीच्या बसण्याच्या मधल्या खांबाशी नवी चटई अंथरलेली होती. ती पेपेनेच अंथरली होती, फिलेमोनीच्या सांगण्यावरून, पाळकसाहेबांसाठी. अंथरताना तिने विचारलंही होतं, ताई कुठे बसतील? फिलेमोनी म्हणाला होता, ताई कुठेही बसतील, घर त्यांचंच आहे.

आणि ताई खरोखर कुठेही बसल्या. मागच्या बाजूला, चुलीकडे जायच्या वाटेवर, जिथे सुना बसतात तिथे, पेपेच्या शेजारी.

“ताई, इथे नका बसू,” पेपे कुजबुजली. “पाया पडते.”

“इथे वारा छान लागतो,” ताई म्हणाल्या आणि पंख्याने वारा घेऊ लागल्या.

पेपेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या घरात ती नवी सून म्हणून आली तेव्हा सासूने तिला चुलीपलीकडे येऊ दिलं नव्हतं. पहिल्या रविवारी चर्चनंतरच्या जेवणाला सगळे घरात बसले आणि ती एकटी धुरात. तेव्हा ही ताई, घराची लाडकी मोठी मुलगी, आपलं ताट घेऊन बाहेर आली आणि तिच्याजवळ मांडी घालून जेवायला बसली. सासूच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण मुलीला काय बोलणार? पुढच्या रविवारी पेपेला घरात जागा मिळाली. ती ताई आज सुनांच्या रांगेत होती, आणि खांबापाशी चटई अंथरणारे हात पेपेचे होते.

बैठक सुरू झाली. फिलेमोनीने आधी आजोबांची गोष्ट सांगितली. ती त्याला परवा झेंड्यापुढेही सांगायची होती, त्यामुळे आज तालीमही होणार होती. देश स्वतंत्र होण्याआधी घटना लिहायला जी सभा बसली, तिच्यात त्यांचे आजोबा होते. सामोआ देवावर उभा आहे, हे शब्द तिथे आले, आणि फिलेमोनीच्या सांगण्याप्रमाणे आजोबा त्या वेळी उठून असं काही बोलले की सभेच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं म्हणजे त्या सभेत जो जो बसला होता त्याच्या त्याच्या घरी हीच गोष्ट सांगतात, आणि प्रत्येक घरी उठून बोलणारे आजोबा आपलेच असतात. बोटीतून ये-जा करणारे लोक तर म्हणतात, सगळे आजोबा उठून उभे राहिले असतील तर बसलं कोण होतं?

“आपल्या देशाचा पाया देव आहे,” फिलेमोनीने समारोप केला. “देशाचा पाया तोच घराचा पाया. या घराचं नाव घेणाऱ्याने देवाच्या सेवकाला पहिला मान दिला पाहिजे. मी दिला आहे. पुढेही देईन.”

चुलतभावांनी माना डोलावल्या. सेफो, सगळ्यांत धाकटा भाऊ, शर्ट आणणारा, म्हणाला की दादाशिवाय दुसरा आहे कोण, आणि शर्टही छापून झालेत. लोक हसले. एवढ्यात लांगी बोलली. ती राजधानीत, आपियाच्या शाळेत इतिहास शिकवते, आणि मामाचं ऐकत ऐकतच ती वादाला तयार झाली होती.

“मामा, घटनेत तेवढंच लिहिलेलं नाही,” ती म्हणाली. “देवाची तत्त्वं आणि सामोआची रीत, दोन्ही एका दमात लिहिलंय. तुम्ही अर्ध्यावरच श्वास सोडता. माझ्या वर्गातली मुलं परीक्षेत अशीच अर्धी ओळ लिहितात, मी अर्धेच गुण देते.”

शाळा तपासनिसाला गुण द्यायची भाषा. चुलतभाऊ पायाकडे बघू लागले. फिलेमोनी म्हणाला, मोठ्यांच्या बैठकीत भाच्यांनी बोलायची रीत कुठल्या घटनेत आहे ते एकदा दाखव. लांगी म्हणाली की ती तिच्या आईच्या वतीने बोलत नाही, आई स्वतःचं बोलायला समर्थ आहे. पण नाव कुणाला द्यायचं असं तिला कुणी विचारलंच तर ती सेफोमामाचं नाव घेईल, कारण तो ऑकलंडहून आल्या आल्या आधी तिच्या आईला भेटायला गेला होता.

आता सगळे सेफोकडे बघू लागले. चुलतभावांपैकी दोघं तर तेवढ्यातच त्याच्याकडे सरकून बसले. सेफोला मनातून जरा गुदगुल्या झाल्या असणार, कारण उत्तर द्यायला त्याने वेळ लावला, आणि फिलेमोनीने ते पाहिलं. मग सेफो मान हलवत म्हणाला, “मी मताई? मी तिकडे कारखान्यात रात्रपाळी करणार, आणि इथे संध्याकाळची प्रार्थना काय फोनवरून घेऊ? नको बाबा. पण दादा, लांगी अगदीच चुकीचं नाही बोलत. चटईचं ते मलाही बरं नव्हतं वाटलं.”

“तेव्हा का नाही बोललास?”

“तेव्हा तू प्रार्थना करत होतास. मध्ये कोण बोलणार?”

यावर मागच्या बायकांत खसखस पिकली, कारण फिलेमोनीची ही खोड घरादाराला ठाऊक होती. माणसाला समोरासमोर सांगायचं ते तो देवाला सांगायचा, मोठ्याने, सगळे डोळे मिटून बसलेले असताना. हे बापा, आमच्यातल्या ज्यांनी होडी उसनी नेली आहे त्यांना ती परत करण्याची बुद्धी दे. प्रार्थनेत कुणाला उलट बोलता येत नाही, आमेन म्हटल्याशिवाय उठता येत नाही. सेफोचं बिअर पिणं, मुलाचं उशिरा उठणं, पेपेचा भात कधी लागला तर तोसुद्धा, सगळं काही वर पोचवलेलं होतं.

फिलेमोनीने शेवटी ताईंकडे तोंड केलं. मागे, सुनांमध्ये बसलेल्या बहिणीला त्याने तिथूनच विचारलं, “ताई, तुमचा शब्द?”

“विचार करते,” ताई म्हणाल्या.

त्या विचार करू लागल्या. पेपेने सगळ्यांना कोको दिला, ताईंनी घेतला नाही. ऊन उतरलं. मागच्या अंगणातून पोरांपैकी एकजण येऊन खुणेने विचारून गेला, उघडायचं का? पेपेने फिलेमोनीकडे पाहिलं, फिलेमोनीने हाताने थांब म्हटलं. नाव ठरायच्या आत डुकरं बाहेर काढणं बरं दिसलं नसतं. त्याने पुन्हा विचारलं. ताई म्हणाल्या, अजून थोडा. तिसऱ्यांदा विचारताना त्याचा आवाज चढला होता.

“देवाच्या सेवकाला मान दिला, हा माझा गुन्हा आहे का, ताई? तसं असेल तर सांगा सगळ्यांसमोर.”

“मान दिलास ते फार चांगलं केलंस,” ताई म्हणाल्या. “कुणाच्या ताटातला उचलून दिलास, तेवढं मी विचारते आहे.”

पेपेला वाटलं, आता ताई उठतील, लांगीचा हात धरतील आणि शेवटच्या बसने जातील. मग नाव नाही. गाव येईल, जेवेल आणि हसत घरी जाईल. आणि नवरा ती रांग, ते शर्ट, सगळं गिळेल एकवेळ, पण बहीण गेल्याचं त्याला गिळता येणार नाही. रात्री झोपेत तो अजून कधीकधी ताईला हाक मारतो, हे त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं. पेपेला माहीत होतं.

तेवढ्यात चर्चजवळ टांगलेल्या रिकाम्या गॅसच्या टाकीवर पहिला ठोका पडला.

पहिल्या ठोक्याला रस्त्यावरच्याने घरात शिरायचं. दुसऱ्याला प्रार्थना सुरू. तिसरा पडेपर्यंत गावात कुणी हलायचं नाही. रस्त्याच्या कडेला तरुण पोरं उभी राहतात आणि हलेल त्याला दंड करतात, टिनातल्या माशांची खोकी. वाइतोआत या सगळ्याचा बंदोबस्त फिलेमोनीकडे होता, आणि त्याने एका बसवाल्यालाही सोडलं नव्हतं. नाताळात त्याने आणखी एक नियम वाढवला होता. कुणीतरी भर प्रार्थनेत भट्टी उघडली, वासाने अख्ख्या गावाचं लक्ष उडालं, म्हणून दुसऱ्या ठोक्यापासून तिसऱ्यापर्यंत भट्टीला हात लावायचा नाही.

“डुकरं,” पेपे ओठांतल्या ओठांत म्हणाली.

फिलेमोनी उठायला गेला आणि दुसरा ठोका पडला. तो खाली बसला. मागच्या अंगणातली पोरंही आत येऊन बसली, त्यांच्या अंगाला धुराचा वास होता.

गाणं ताईंनीच उचललं. मागून, सुनांमधून, त्यांचा जरा चिरका पण बरोबर पट्टीतला आवाज आला आणि लहानपणापासूनची सवय म्हणून बाकीचे त्याला जाऊन मिळाले. भांडून बसलेली माणसं चार सुरांत गायला लागली की भांडण कुठे ठेवायचं ते कळत नाही. लांगीने मामाकडे रागाने बघत बघतच वरचा सूर धरला. सेफो मधला. फिलेमोनीचा खर्ज तर लाकडी खांबांनाही लागत होता. दुसऱ्या कडव्यापर्यंत सगळे छान गात होते, आणि पेपेच्या मनात आलं की हे असंच चालू राहिलं तर किती बरं होईल, फक्त डुकरांचं काय ते बघायला हवं.

गाणं संपलं. डोळे मिटले गेले. घरात मताई असता तर प्रार्थना त्याने केली असती. मताई नव्हता. फिलेमोनीने घसा साफ केला, आणि तो काय काय वर पोचवणार आहे ते सगळ्यांनी ओळखलं. पण त्याच्या आधी मागून आवाज आला.

“हे आमच्या स्वर्गातल्या बापा,” एसेताताई म्हणाल्या.

पेपेने एक डोळा उघडला. फिलेमोनीचं तोंड उघडंच होतं. त्याने ते मिटलं. प्रार्थना सुरू झाली होती, आता काय करणार?

“बापा, या घराला आज मताई नाही, म्हणून मी बोलते. तू दिवस चांगला दिलास. बस वेळेवर आली. सेफो समुद्रापलीकडून सुखरूप आला, त्याने शर्ट आणले. शर्टांचा रंग छान आहे. लांगीला तू बुद्धी दिलीस, आता जरा सबुरीही दे. पेपेला बळ दे, ती सकाळपासून उभी आहे. बाहेर दगडांवर तीन डुकरं आहेत, त्यांच्यावरही लक्ष असू दे.”

सेफोच्या खांद्यांना हिसके बसू लागले. त्याने मान आणखी खाली घातली.

“आमचे आजोबा घटना लिहायला आपियाला गेले, तेव्हा तू तिथे होतास. तिथे ते काय बोलले ते फिलेला जास्त माहीत आहे. मला निघायच्या आदल्या दिवशीचं माहीत आहे, कारण फुआतिनो आजींनी ते मला विणायला शिकवताना सांगितलं. आजोबा आपल्या बहिणीपुढे, म्हणजे या आजींपुढे, याच घरात, त्या मधल्या खांबापाशी येऊन बसले आणि म्हणाले, ‘मी उद्या जातो. काय बोलू?’ एवढा मोठा मताई, देशाचा कायदा लिहायला निघालेला. फुआतिनो आजींचं विणणं चालूच होतं. त्या म्हणाल्या, ‘देवाला घरात घ्या. मोठ्या मानाने घ्या. पण त्याला जागा करायची म्हणून मला उठवू नका. कुणाला उठवून बसणारा तो देव नाही.’”

मागून जळकट वास यायला लागला होता, गोडसर, मग तितका गोड नाही.

“आजोबांनी ते सभेत सांगितलं की नाही, मला माहीत नाही. बहुतेक विसरले असतील. पुरुष वाटेत विसरतात, तुला ठाऊकच आहे. पण घरात त्यांनी ते पाळलं. बाबांनीही पाळलं.”

टाकीवर तिसरा ठोका पडला. गाव सुटलं. रस्त्यावर बोलणं, हसणं, एका कुत्र्याचं भुंकणं सुरू झालं. घरात मात्र प्रार्थना चालू होती, आणि आमेन म्हटल्याशिवाय कुणी उठणार कसं? पेपेने पुन्हा एक डोळा उघडला. मोकळ्या खांबांमधून तिला अंगणात येणारी माणसं दिसली. गावचे मताई, स्वच्छ कपड्यांत, आणि सगळ्यांच्या पुढे पाळकसाहेब. आत प्रार्थना चालली आहे हे पाहताच ते जिथल्या तिथे थांबले आणि त्यांनी मान खाली घातली. मागच्यांनीही घातली. नाकं मात्र सगळ्यांची भट्टीच्या दिशेने वळली होती.

ताईंना वास येत नव्हता असं नाही. पण त्यांनी घाई केली नाही.

“बापा, फिले लहान असताना पाण्याला फार घाबरायचा. मुलांच्या पांढऱ्या रविवारी सगळ्यांनी पांढरे कपडे घालून वचनं म्हणायची, आणि चर्चच्या वाटेवर तो ओढा. मी त्याला पाठीवर घेऊन ओढा ओलांडायची. तो माझ्या पाठीवर बसून वचनं म्हणायचा, मी खालून चुका सांगायची. त्याचा सदरा कधी भिजला नाही. चर्चमध्ये तो सगळ्यांत चांगलं म्हणायचा, आणि मी ओल्या झग्याने मागे बसायची. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही बापा, खरं सांगते. मला फार बरं वाटायचं. तेव्हा तो वचन म्हणून झालं की वळून आधी मला शोधायचा.”

ताईंचा आवाज इथे थोडा हलला. पेपेने डोळे घट्ट मिटून घेतले, पण ते मिटून काही उपयोग नव्हता, पाणी यायचं ते आलंच.

“त्याने लेमाउंगा होऊ नये असं मला वाटतं, असं इथे कुणाच्या मनात असेल तर त्याला तू समजाव. त्याच्याएवढं या घरासाठी कुणी झिजलेलं नाही. दुसरं आहे तरी कोण? सेफोला तर तू ओळखतोस. मला एकच कळत नाही. बहीण कुठे बसली आहे ते ज्याला दिसत नाही, त्याला गाव कसं दिसणार? मी विचारून ठेवते. आता मी उत्तराची वाट बघते.”

आणि ताई गप्प झाल्या. आमेन म्हटलं नाही.

सगळं घर डोळे मिटून बसून राहिलं. अंगणात सगळं गाव मान खाली घालून उभं राहिलं. भट्टीतून आता उघड उघड धूर येत होता. पाळकसाहेब खोकले, पण ते धुरामुळे. लांगीनेही डोळा उघडला होता, आणि मामी-भाचीची नजर मध्येच भेटली. पेपेला एक क्षण वाटलं, आपणच आमेन म्हणून टाकावं. सुनेने बैठकीत बोलायचं नसतं, पण प्रार्थनेत आमेन म्हणायला कुणाची बंदी आहे? सगळे सुटतील, डुकरं वाचतील, नवऱ्याची लाज राहील. शब्द ओठांवर आला आणि तिने तो परत आत ढकलला. हे उत्तर तिने द्यायचं नव्हतं.

फिलेमोनीने डोळे उघडले. त्याने आधी त्या नव्या चटईकडे पाहिलं, मग मागे, माणसं ओलांडून, चुलीच्या वाटेकडे. इतक्या वेळात पहिल्यांदा त्याने ताई नेमकी कुठे बसली आहे ते पाहिलं, आणि कुणाच्या शेजारी ते पाहिलं. पेपेने त्याच्याकडे बघून भुवया उचलल्या. हो, तिथेच, असं.

प्रार्थना चालू असताना उभं राहून लोकांच्या डोक्यावरून जायचं नसतं. तेव्हा फिलेमोनी, गावाला शिस्त लावणारा, सगळ्या गावाच्या देखत, गुडघ्यांवर रांगत निघाला. चुलतभावांनी पाय आखडून वाट दिली. तो ताईंपुढे येऊन थांबला. त्याचा चेहरा ओला झाला होता आणि तो पुसायचं त्याला सुचलं नव्हतं.

“ताई,” तो म्हणाला, “चला.”

ताईंचे डोळे मिटलेलेच होते. “प्रार्थना चालू आहे,” त्या म्हणाल्या.

“प्रार्थनेतच चला. माझ्याकडून चूक झाली. मोठी झाली. तुमची जागा मीच दुसऱ्याला दिली, आणि वर देवाचं नाव सांगितलं. चला, ताई.”

त्याने हात पुढे केला. ताईंनी तो धरला, आणि धरल्यावरच डोळे उघडले. म्हातारी भावंडं हळूहळू घराच्या मधून गेली, तो रांगत, ती वाकून त्याच्या खांद्यावर भार देऊन. मधल्या खांबापाशी ताई बसल्या. पदर सारखा करावा तसं त्यांनी झग्याचं टोक नीट केलं, पाठ खांबाला टेकवली, घरावरून एकदा नजर फिरवली. मग त्यांनी पुन्हा डोळे मिटले.

“आमेन,” त्या म्हणाल्या.

असं दणदणीत आमेन त्या घरात आधी कधी झालं नव्हतं. आतून झालं तसं अंगणातूनही झालं, आणि संपायच्या आतच पोरं भट्टीकडे धावली. पानं भराभर उलटली गेली, कुणीतरी ओरडून सांगितलं की दोन वाचली, तिसऱ्याचं मात्र कुत्र्यांना आमंत्रण द्या. सेफो आता मोकळेपणाने हसत होता, त्याला बघून लांगी, तिला बघून चुलतभाऊ, आणि का हसतोय ते माहीत नसलेले अंगणातले मताईसुद्धा. पेपेने झग्याच्या बाहीने तोंड पुसलं आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर हात ठेवला. ती जागा अजून ऊबदार होती.

पाळकसाहेब पायरीशी येऊन थांबले होते. ते आत बघत होते, खांबापाशी बसलेल्या ताईंकडे, आणि कधी नव्हे ते अगदी मोकळे दिसत होते. पण बोलावल्याशिवाय त्यांनी आत पाऊल टाकलं नाही. बोलवायचं घराच्या मताईने, आणि घराला मताई आहे का, ते गावाला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

एसेताताईंनी समोर बसलेल्या भावाकडे पाहिलं.

“लेमाउंगा,” त्या अंगणातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “पाळकसाहेब बाहेर उभे आहेत. त्यांना आत घ्या, माझ्याशेजारी बसवा. जागा पुष्कळ आहे. आणि मला वाढा, मला भूक लागली आहे.”

“हो, ताई,” लेमाउंगा म्हणाले.